नानांची द्वारकेची आंघोळ

पक्ष्यांचा विषय तुम्हीच काढलात, म्हणून सांगतो. तेव्हा द्वारका आपल्या बडोद्याच्या महाराजांच्याच राज्यात होती. रावपुऱ्यातले आमचे शेजारी नाना आणि नानी यात्रेला निघाले, मीही सोबत गेलो. नाना कडक सोवळ्याचे, पण पक्ष्यांचे वेडे. दोन दिवस देवळामागे दुर्बीण लावून बसले, दिसली फक्त कबुतरं! शेवटी एक खारवा नावाडी हसत म्हणाला, "काका, पक्षी जोवां होय तो बंदरे जाव. माछलां सुकाय छे त्यां." म्हणजे पक्षी बघायचे तर बंदरावर, मासळी वाळत घालतात तिथे.

"शिव शिव!" म्हणत नानांनी नाकाला उपरणं लावलं, आणि निघाले. तिथे कुरव, बगळे, करकोचे, नुसती जत्रा भरलेली! बघता बघता नाना वाळत घातलेल्या बोंबलांच्या मधोमध जाऊन उभे.

परतलो तर धर्मशाळेच्या दारात नानी. वास येताच ओरडल्या, "तिथेच थांबा! आधी आंघोळ!"

नाना बाहेरच्या ओट्यावरच बसले. "आत्ता नको. संध्याकाळी परत बंदरावर जायचंय, मग एकदमच करतो."

"अहो, आणि दर्शन?"

"उद्या घेऊ! देव काही उडून जात नाही."