लाल पट्ट्याची मेंढरं

...आणि वर मलाच म्हणतात, तुला कोर्टातलं काय कळतं! तुम्हाला सांगते, बी.एस्सी. झाले मी, पण आमच्या आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, माझ्यापेक्षा मटण कंपनीच्या कडुबावर भरवसा जास्त. हा कडुबा कंपनीसाठी जनावरं खरेदी करतो. उन्हाळ्याच्या तोंडी करमाडला आमच्याकडं आला, मेंढरं चाचपली, एकेकाच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा ओढला आणि म्हणाला, ‘झाली ही कंपनीची. आठवड्यात गाडी पाठवतो.’ गाडी कुठली यायला? दुष्काळ म्हणून सरकारनं कंपनीचं पाणीच तोडलं. कंपनीला कुलूप. मग कंपनी गेली हायकोर्टात, इथंच, संभाजीनगरच्या खंडपीठात, की हुकूम पुन्हा तपासा. आणि आबा बसले वाट बघत. का? तर, प्रकरण कोर्टात हाय!

अहो, प्रकरण कंपनीचं, मेंढरं आमची! तळ्याला भेगा, चारा नाही, टँकर येणार तो शहरातल्या नव्या कॉलन्या भरून उरला तर... मी म्हटलं, आबा, अंगावर मांस आहे तोवर बाजारात विका. तर कसं बघितलं माझ्याकडं. ‘खूण लागलेलं मेंढरू दुसऱ्याला द्यायचं? आपल्यात कुणी केलं नाय, पोरी.’ बरं, मी रंग कातरून काढते म्हटलं, तर काठीच उचलली. कडुबाला फोन लावला, तर तो वकिलाहून गोड, ‘ताई, प्रकरण कोर्टात हाय, धीर धरा.’ मी धरते हो, मेंढरांना कोण समजावणार? सकाळी एखादं उठायचंच नाही. आबा पाय धरून त्याला ओढत न्यायचे, खड्डा करायचे, हात झटकायचे आणि परत तेच... प्रकरण कोर्टात हाय!

शेवटी कंपनी जिंकली. पाणी सुरू. कडुबा गाडी घेऊन आला, आबा फेटा बांधून उभे. त्यानं एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवला, तसाच उचलला. आबांना म्हणाला, ‘मल्हारमामा, यात कापायचं काय?’ आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

आबा बादली घेऊन कंपनीच्या गेटवर गेले. म्हणाले, तुमचीच मेंढरं आहेत, पाणी तरी द्या. रखवालदार म्हणाला, ‘बाबा, कोर्टानं पाणी कंपनीला दिलंय.’

त्याचंही बरोबरच आहे म्हणा. आता उरलेली जगवायची, तर त्यांच्या नावानं एक कंपनीच काढावी लागणार.