कापलेली जोडवी

हसू नका, पण आमच्याकडे हल्ली कोणालाच धड झोप नाही. झालं काय, आई अमेरिकेला ताईकडे जाऊन आली, ती विमानातून उतरली तीच सुजलेले पाय घेऊन. म्हणाली, "एवढं बसून आलेय, सूज येणारच. उतरेल." कामोठ्याला घरी आल्यावर उजवा पाय उतरलाही. डावा मात्र टम्म, पोटरी गरम, आणि जोडवी रुतून बोट जांभळं.

डॉक्टरांनी पोटरी दाबून बघितली आणि त्यांचा आवाजच बदलला. "रक्ताची गुठळी वाटतेय. सरकली तर थेट फुफ्फुसात जाईल. लगेच सोनोग्राफी करू. पण आधी ही जोडवी कापा, बोट काळं पडतंय."

आणि आई काय म्हणाली असेल? "जोडवी नाही कापायची. ह्यांना काही झालं म्हणजे?"

"आई, अगं तुझ्या जिवाचं बघ!" मी ओरडलो.

बाबा घामाने भिजले होते. सिस्टरला म्हणाले, "कापा हो तुम्ही. बघू मी मरतो का."

कट्कन आवाज झाला. आईने गच्च मिटलेले डोळे उघडून आधी बाबांकडे बघितलं.

गुठळी होतीच. गोळ्या चालू आहेत, डॉक्टर म्हणतात, आता टेन्शन नाही. पण दोघं हॉलमध्ये झोपतात, म्हणून मला दिसतं. रोज पहाटे आई बाबांच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघते. आणि बाबा झोपेचं सोंग घेऊन, पांघरुणातल्या पांघरुणात, पायाने तिची पोटरी चाचपतात.