फक्त अडवायचं

एक्स-रेच्या रांगेत बसलेल्या एका शिंपीणबाईंच्या मागच्या बाकावर दोघं बोलत होते, सुजलेल्या हाताचे एक काका आणि त्यांचे तरुण कराटे-सर.

"काका, हात लवकर उचला, पाऊल मागे घ्या. कितीदा घोटून घेतलं तुमच्याकडून!"

"मागे स्वयंपाकघराची भिंत होती, सर."

"मग अडवून उलट ठोसा हाणायचा, समोर कोणीही असो!"

"तो शिकवूच नका मला."

"मग साठीला क्लास लावलात कशाला?"

"फक्त अडवायला. पोटचा पोरगा आहे हो. डोकं फिरलं की त्याला भान राहत नाही."

खिडकीतून नर्सने विचारलं, "काका, कसं लागलं?"

"कराटेच्या क्लासात. ह्या सरांचा फटका बसला."

शिंपीणबाईंनी वळून पाहिलं.

"हो," सर खाली मान घालून म्हणाले. "माझाच."