सगळ्यात सोपं कोरल

नाही, ते हिरवं नको, मिहीर. दिसायला सुंदर आहे, मान्य – पण तुझा खाऱ्या पाण्याचा टँक नवा, तू आत्ता हे कॅण्डी केन कोरल ने. बघ, तुतारीच्या तोंडांचा झुबका जसा. हार्ड, म्हणजे दगडी सांगाड्याच्या कोरलांमधला सगळ्यात गरीब जीव – लाईट मध्यम, पाण्याला हलकी ओढ, कॅल्शियम सांभाळलंस की झालं, अधूनमधून कोळंबीचा कण भरवलास तर खूशच. सोबत हा हॅमर कोरल ने, फक्त दोघांत वीतभर जागा सोड. त्या फांद्याफांद्यांच्या अ‍ॅक्रोपोराचं मात्र वर्षभर नाव काढू नकोस, पाणी जरा बिघडलं की मान टाकतो तो.

अजून हिरव्याकडेच बघतोयस – गॅलॅक्सिया म्हणतात त्याला. जगवायला सोपं आहे, खोटं कशाला बोलू – मारता मरत नाही. पण दिवे मालवले की दोऱ्यांसारखे लांब हात सोडतं आणि शेजारी जो असेल त्याला भाजून काढतं. म्हणून कोपऱ्यात एकटं ठेवलंय. याचाच एक तुकडा होता – तो दिला. अवधूतला. म्हणजे माझा नवरा – होता.

बस, चहा घे. स्लाऊहून इकडे मिल्टन कीन्सला आलो तेव्हा टँक सुरू केला तो मी. मी फार्मसिस्ट, मोजमाप हातातच – पाणी मी तपासायची, मीठ मी कालवायची, आणि मराठी मंडळाची माणसं घरी आली की हा पुढे उभा – माझा रीफ, माझं सिलेक्शन. आणि मी कोण? "मधुमती पाणी बदलते," म्हणायचा. सगळे हसायचे. मीही हसायची, बशा फिरवत. मग त्याच्या ऑफिसातली श्रद्धा आली – ते जाऊ दे, माणसं जातात. पण गेला कसा? मी हॉस्पिटलला शिफ्टवर असताना व्हॅन आणली आणि कोरलं नेली. सगळी. घरी आले तर पंप चालू, दिवे चालू, आणि मासे नुसत्या दगडांभोवती फिरतायत. फोन केला तर म्हणाला, "तुला कशाला ती, तुझ्याकडून मरतील."

तुकडा तुकडा जमवून टँक पुन्हा उभा केला. पुढच्या वर्षी श्रद्धाचाच फोन – ताई, राग धरू नका, अवधूतचा वाढदिवस आहे, एखादं सोपं कोरल द्याल का, सरप्राइज द्यायचंय. चांगली असेल पोरगी. म्हटलं, ये की. तिलाही असाच चहा केला, पिशवी बांधून दिली, सांगितलं – टँकच्या अगदी मधोमध ठेव, सगळ्यात सोपं असतं हे. सोपं तर होतंच ना?

मग काय, त्याचा हॅमर गेला, बाकीची गेली, पांढरी हाडं राहिली. त्याला कळेचना – पाणीच बदलत बसला. शेवटी मला फोन. रडत होता. "मधू, काय चुकतंय माझं?" किती वर्षांनी मधू म्हणाला. मी म्हटलं, "काही नाही रे, तुझ्याकडून मरतायत." आणि ठेवला फोन. इतकी शांत झोप कधी लागली नव्हती मला.

वाईट कसलं वाटायचंय? एक ब्रेन कोरल सोडलं तर. बटणाएवढं आणलेलं मी, थेंब थेंब भरवून बशीएवढं केलेलं. व्हॅनमधून तेही गेलं ना. कुठे ठेवलं होतं त्याने म्हणजे – मधोमधच. माहीत होतं मला. पिशवी बांधायच्या आधीच श्रद्धाने डिजिटल कॅमेऱ्यात त्यांच्या टँकचे फोटो दाखवले होते, तू बसलायस तिथेच बसून. दिसत होतं त्यात. टवटवीत, फुगलेलं – माझ्याकडे होतं त्यापेक्षा छान ठेवलं होतं त्याने.

हे काही सांगायचं नव्हतं तुला. चल, ऊठ आता. पिशवी कोटाच्या आत धर, बाहेर गारठा आहे. आणि जाताना दार ओढून घे.