शून्य अपघातांची ढाल

अंबरनाथ पूर्वेला, हाडांच्या डॉक्टरांकडे बसलेल्या मालिनीचं हातातल्या मासिकात लक्षच नव्हतं. समोर मोतीबाई कंपनीच्या साहेबांना फैलावर घेत होती. शेजारी तिचा नवरा भगवंत, पाय प्लास्टरमध्ये.

"मोडक्या पायानं माणसाला रोज जीपमधून कामावर नेता?"

"अहो बाई, नुसतं खुर्चीत बसायचं. दुसऱ्या दिवशी हजेरी लागली, की तो अपघात धरत नाहीत."

"मग पाय काय देवळात प्रदक्षिणा घालताना मोडला?"

"आकडेवारीचा नियमच तसा आहे. वर्षभरात शून्य अपघात, म्हणून तर उद्या कंपनीला सुरक्षेच्या बक्षिसाची ढाल मिळतेय."

"वा रे तुमचं शून्य! घ्यायला स्टेजवर कोण चढणार?"

"मोठे साहेब."

"ह्यांनाच चढवा की! अपघात झालाच नाही ना?"