काचेची नजर उतरवली

बाप्पा, त्या दिवशी काय झालं सांगू! अमरावतीच्या लॅबमधी मी काचेत सोन्याचे बारीक कण टाकून राहिलो होतो. काच लालभडक व्हाले पाह्यजे, पण चारही खेपा पाण्यावानी साफ निघाली. वैतागून तुकडा बार्शीटाकळीले घरी नेला.

माय म्हणे, "नजर लागली याले." तिनं तुकड्यावरून मिरच्या-मोहऱ्या ओवाळल्या अन् चुलीत टाकता टाकता तुकडाही हातातून सटकला. विस्तव थंडावल्यावर चिमट्यानं काढला, तं रगतावानी लाल!  मी लगेच लॅबच्या सरले फोन लावला.

सर ओरडले, "अबे, काच दुसऱ्यांदा तापवा लागते, तवाच सोनं रंग देते! कशी तापवली तू?"

मायनं फोन हिसकला. "सात मिरच्या लागतात, सर. लिहून घ्या."