खाजणाचा वास

नाक-कान-घशाच्या दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाईंना समोरच्या बाकावरच्या नणंद-भावजया स्पष्ट ऐकू येत होत्या. आता कानात बोळे घालून बसायचं का?

"घरामागच्या खाजणाचा वासच येईनासा झालाय, वन्सं. नाक गेलं माझं."

"अहो वहिनी, काल आले तेव्हा मलाही नाही आला."

"अगंबाई! म्हणजे तुमचंही गेलं?"

"इथल्या फिनाइलचा वास येतोय?"

"येतोय म्हणजे? डोकं उठलंय!"

"मग नाक जागेवर आहे. गेलाय तो वास. समुद्राकडचं बुजलेलं तोंड उपसलं ना गावाने?"

"उपसतायत म्हणे. असल्या बाता कमी ऐकल्यात का?"

"मी मागच्या वाटेने आले, वहिनी. भरतीचं पाणी पार आत येतं. चिखलात तिवरांची रोपं धरलीत. बगळे आलेत. तुम्हाला खिडकीतून दिसलं नाही?"

"कुठली खिडकी? मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती खिळे ठोकून बंद आहे. वासापायीच ना!"

बाईंनी पुकारलं, "चला, पुढचा नंबर तुमचा."

भावजय उठली आणि पिशवी घेऊन थेट दाराकडे निघाली.

"अहो वहिनी, डॉक्टर आत आहेत!"

"असू देत. आधी सुतार गाठू."